टी-शर्ट, कप, पिशव्यांवर विद्यापीठाचा लोगो: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गणपती उठले की सांगली-साताऱ्यातल्या कॉलेजांमध्ये टी-शर्टचा हंगाम सुरू होतो. आधी युवा महोत्सव, मग क्रीडा स्पर्धा, हिवाळ्यात एनएसएसची (राष्ट्रीय सेवा योजनेची) शिबिरं, त्यानंतर गॅदरिंग आणि शेवटी निरोप समारंभ. आमचं छपाईचं काम सांगलीत चालतं. ऑर्डर कुणाचीही असो, छातीवर विद्यापीठाचा किंवा कॉलेजचा लोगो हवाच असतो. तो कुठून घ्यायचा, कुणाला विचारायचं, काळ्या कापडावर कसा छापायचा, हे रोज विचारलं जातं, म्हणून उत्तरं एका ठिकाणी लिहून ठेवली आहेत. आमचं म्हणणं थोडक्यात असं: लोगो म्हणजे संस्थेची सही. ती संस्थेला विचारल्याशिवाय वापरू नये आणि वापरताना तिच्यातली एक रेघही बदलू नये.

मी याच विद्यापीठात शिकतो. मग मला परवानगी कशाला हवी?

विद्यापीठ तुमचं आहे, यात वाद नाही. पण त्याच्या नावानं वस्तू काढायचा अधिकार प्रवेशाबरोबर मिळत नाही. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ नुसार प्रत्येक सार्वजनिक विद्यापीठ ही कायद्यानं उभी केलेली स्वतंत्र संस्था आहे. तिची स्वतःची मुद्रा असते आणि ती कुलसचिवांच्या ताब्यात असते. लोगो लावलेला शर्ट घालून तुम्ही कोल्हापूरच्या बसस्टँडवर उभे राहिलात, तर बघणाऱ्याला तो शर्ट विद्यापीठाचाच वाटतो, पाच मित्रांनी मिळून काढलेला वाटत नाही. त्यावर काय लिहिलंय, कसं लिहिलंय, याचं उत्तर शेवटी विद्यापीठाला द्यावं लागतं. म्हणून विचारायचं.

अर्ज कुणाच्या नावे करायचा?

लोगो कुणाचा, त्यावर ते ठरतं. कॉलेजचा असेल तर प्राचार्यांकडे. शिक्षण संस्थेचा असेल, म्हणजे एकाच संस्थेची अनेक कॉलेजं असतात तेव्हा, संस्थेच्या कार्यालयाकडे. विद्यापीठाचा असेल तर कुलसचिवांच्या नावे, आणि तोही प्राचार्यांमार्फत. मुलांनी परस्पर पाठवलेला अर्ज बहुतेक वेळा फिरून कॉलेजकडेच येतो आणि त्यात दिवस जातात.

अर्जात कार्यक्रम कोणता, वस्तू कोणती, नग किती, फुकट वाटणार की पैसे घेणार, घेणार असाल तर किती, छपाई कोण करणार, एवढं स्पष्ट लिहा आणि डिझाइनचा रंगीत नमुना जोडा. नमुना नसेल तर 'नमुना सादर करावा' असा शेरा मारून अर्ज परत येतो. कार्यक्रमाच्या आधी महिनाभर तरी हातात ठेवा. 'सर म्हणालेत, करा म्हणून' याला आम्ही परवानगी समजत नाही. सरांवर अविश्वास नाही, पण उद्या कुणी विचारलं तर त्यांच्या आणि तुमच्याही हातात कागद असावा. जावक क्रमांकाचं पत्र किंवा कार्यालयाच्या ईमेलवरून आलेलं उत्तर, दोन्ही चालतात.

आमचं कॉलेज नक्की कोणत्या विद्यापीठाचं, यातच घोळ आहे. कसं ठरवायचं?

हा घोळ आपल्या भागात खरोखरच आहे. १९६२ साली स्थापन झालेल्या शिवाजी विद्यापीठाचं कार्यक्षेत्र कोल्हापूर, सांगली आणि सातारा हे तीन जिल्हे. त्यामुळे 'सातारा-सांगली म्हणजे शिवाजी विद्यापीठ' असं डोक्यात पक्कं बसलेलं असतं. पण साताऱ्यात रयत शिक्षण संस्थेची तीन कॉलेजं, यशवंतराव चव्हाण इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स, छत्रपती शिवाजी कॉलेज आणि धनंजयराव गाडगीळ कॉमर्स कॉलेज, एकत्र येऊन २०२१ मध्ये कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठ झालं. तिथल्या मुलांनी मोठ्या भावाच्या जुन्या शर्टावरून लोगो उचलला तर तो आता चुकीचा ठरेल.

शिवाय मिरजेचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न आहे, कृषी महाविद्यालयं राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाकडे आहेत, काही इंजिनिअरिंग कॉलेजं लोणेरेच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठाकडे. अभिमत विद्यापीठांचा कारभार आणखी वेगळा. एकाच रस्त्यावरच्या दोन कॉलेजांची विद्यापीठं वेगळी असू शकतात. चालू वर्षाची गुणपत्रिका काढा आणि तिच्यावर जे नाव आहे ते धरा. शेजारच्या कॉलेजच्या शर्टावर काय आहे ते बघू नका.

माजी विद्यार्थ्यांचा मेळावा आहे. आमच्या वेळचं नाव आणि लोगो छापला तर?

नाव बदललेल्या विद्यापीठांच्या बाबतीत हे हमखास विचारलं जातं. पुणे विद्यापीठ २०१४ मध्ये सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ झालं. सोलापूर विद्यापीठ २००४ मध्ये शिवाजी विद्यापीठातून वेगळं निघालं आणि २०१९ पासून पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ या नावानं ओळखलं जातं. जुन्या बॅचला जुन्या नावाचा जिव्हाळा असतो, तो आम्हाला कळतो. तरी लोगो आजचा आणि नाव आजचं, पूर्ण. आठवण हवी असेल तर खाली साध्या अक्षरांत 'बॅच १९९६-९९' असं लिहा. जुनं चिन्ह वापरायचंच असेल तर अर्जात तसं वेगळं नमूद करून लेखी होकार घ्या.

गूगलवर लोगो मिळतो. तो का चालत नाही?

कारण तो तुम्हाला फक्त मोबाईलवर चांगला दिसतो. दुकानात आलात तर आम्ही मोठ्या स्क्रीनवर दाखवतो. बहुतेक विद्यापीठांच्या चिन्हात कडेनं गोलाकार अक्षरं असतात. गूगलवरचं चित्र मोठं केलं की त्या अक्षरांच्या कडांना पायऱ्या पडलेल्या दिसतात, वेलांट्या मुख्य अक्षराला चिकटतात, अनुस्वार धुरकट ठिपका होतो, आणि पांढरी वाटणारी जागा प्रत्यक्षात राखाडी ठिपक्यांनी भरलेली निघते. स्क्रीन प्रिंटिंगच्या जाळीवर हे सगळे ठिपके इमानदारीनं उतरतात आणि शर्टावर डाग होऊन बसतात.

त्यात ते चित्र व्हॉट्सॲपवरून आलेलं असेल तर आणखी खराब, कारण फोटो म्हणून पाठवलेली प्रत्येक प्रतिमा व्हॉट्सॲप दाबून लहान करतं. एकच लोगो चार ग्रुपमधून फिरून आला की ओळखूही येत नाही. पाठवायचं झालंच तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

दुसरी अडचण जास्त गंभीर आहे. एकाच विद्यापीठाचे चार-पाच वेगळे लोगो नेटवर सापडतात. कुणी कोचिंग क्लासवाल्यानं रंग बदलून टाकलेला, कुणी प्रश्नपत्रिकांच्या साइटनं स्वतः रेखाटलेला, एखादा दहा वर्षांपूर्वीचा. खरा कोणता हे चित्राकडे बघून ठरत नाही.

मग मूळ फाइल कुठे मिळेल?

आधी विद्यापीठाची अधिकृत वेबसाइट बघा. नाही मिळाली तर परवानगीच्या अर्जातच फाइल मागा. जनसंपर्क कक्षाकडे किंवा ज्या विभागाकडून प्रमाणपत्रं आणि स्मरणिका छापल्या जातात तिथे ती असतेच. मागताना 'व्हेक्टर फाइल द्या' असं म्हणा, म्हणजे सीडीआर, एआय, ईपीएस, एसव्हीजी किंवा व्हेक्टर पीडीएफ. ही कितीही मोठी केली तरी फाटत नाही. तीच फाइल पेनावर आणि तीच स्टेजमागच्या वीस फुटी बॅनरवर चालते. पीएनजीच असेल तर छापायच्या आकाराला किमान ३०० डीपीआय, म्हणजे दर इंचाला ३०० ठिपके, हवी.

मराठी मजकुराच्या फाइलला एक खास धोका आहे. कोरलमध्ये श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं नाव दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडलं आणि तिथे तो फॉन्ट नसला की 'विद्यापीठ'च्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी दिसते. कधी त्याहून वाईट होतं: सगळं नीट दिसतं, फक्त एखादा रफार पुढच्या अक्षरावर सरकलेला असतो आणि तो कुणाच्या लक्षात येत नाही. म्हणून फाइल देणाऱ्याला सांगा, 'कर्व्ह करून द्या'. मग अक्षरं आकृती म्हणून गोठतात आणि कुठेही उघडली तरी तशीच राहतात.

एआयला सांगून खराब लोगो साफ करून घेतला तर?

नको. एआय अंधुक जागा अंदाजानं भरतं. इंग्रजीत हा अंदाज कधी बरोबर येतो, देवनागरीत फारच कमी वेळा. ब्रीदवाक्याच्या जागी अक्षरांसारखी दिसणारी, पण कोणतीच नसलेली नक्षी तयार होते. आमच्या डिझायनरनं हातानं पुन्हा रेखाटून द्यावा अशीही मागणी होते. तेही आम्ही संस्थेनं लेखी सांगितल्याशिवाय करत नाही.

बॅचचा शर्ट काळा आहे आणि लोगो निळा. दिसतच नाही. रंग बदलू का?

स्वतःच्या मनानं नाही. मात्र यातून मार्ग निघतो. बऱ्याच संस्थांकडे लोगोची एकरंगी आवृत्ती असते, पूर्ण काळी किंवा पूर्ण पांढरी. गडद कापडासाठी पांढरी मागून घ्या. ती फक्त रंग उलटे करून बनत नाही, हे लक्षात ठेवा. चिन्हात चेहरा, पुतळा किंवा दिव्याची ज्योत असेल आणि रंग सरसकट उलटे केले, तर फोटोच्या निगेटिव्हसारखं भुताटकीचं चित्र दिसतं. थोर माणसाच्या चेहऱ्याचं असं होऊ देणं बरं नाही. पांढरी आवृत्ती संस्थेकडूनच यावी.

एकरंगी नसेल आणि मूळ रंगच हवे असतील तर काळ्या कापडावर आधी पांढऱ्या शाईचा थर द्यावा लागतो, त्यावर रंग. छपाईची एक जाळी, म्हणजे स्क्रीन, वाढते, खर्च थोडा वाढतो. तो टाळण्यासाठी लोगोमागे पांढरा चौकोन टाकायला सांगतात. दिसायला चिकटवलेल्या स्टिकरसारखं होतं आणि घाम आला की तो चौकोन छातीवर ताठ उभा राहतो. त्यापेक्षा शर्टचा रंग बदला. पांढरा, फिका राखाडी किंवा आकाशी घेतलात तर अर्धी डोकेदुखी संपते.

रंग नेमके हवेत तर पँटोन क्रमांक, म्हणजे छपाईत प्रत्येक रंगछटेला दिलेला ठरलेला क्रमांक, मागा. 'नेव्ही ब्लू' म्हटलं की आमच्या मनात एक येतो आणि तुमच्या मनात दुसरा, क्रमांकाला असा गोंधळ नसतो. कॉम्प्युटरच्या स्क्रीनवरचा रंग आणि कापडावरचा रंग तंतोतंत जुळत नाही, म्हणून एक नग छापून उजेडात, दुकानाबाहेर नेऊन बघा. ट्यूबलाइटखाली रंग पास करू नका.

जागेत बसवण्यासाठी लोगो थोडा ताणला तर चालेल ना?

नाही. गोल चिन्ह अंडाकृती झालं की ते लांबूनही खटकतं. लहान-मोठा करायचा तर कोपऱ्याला धरून, उंची-रुंदी एकाच प्रमाणात. तिरका करणं, सावली देणं, भोवती फुलांची चौकट टाकणं, अक्षरांचा फॉन्ट बदलणं, चिन्ह एकीकडे आणि नाव दुसरीकडे नेणं, यातलं काहीच करायचं नाही.

आकार केवढा आणि जागा कोणती?

डाव्या छातीवर, तीन ते साडेतीन इंच रुंद. टी-शर्टला हे माप शोभतं. पाठीवर मोठी छपाई करायची असेल तर तिथे कार्यक्रमाचं नाव घ्या, विद्यापीठाचा लोगो पुढे असू द्या. बाहीवर गोल चिन्ह लहान होतं आणि अक्षरं वाचता येत नाहीत, तिथे टाळलेलं बरं. लोगोभोवती मोकळी जागा सोडा. किती, हे संस्थेच्या नियमात असेल तर ते पाळा. नसेल तर चिन्हाच्या रुंदीचा चौथा हिस्सा चारी बाजूंनी मोकळा ठेवला की तो श्वास घेतो.

लहानात लहान किती, याला आमच्याकडे एकच कसोटी आहे: खऱ्या आकाराचा कागदी प्रिंट काढा, हातभर अंतरावर धरा आणि कडेची अक्षरं वाचा. वाचता आली नाहीत तर मोठा करा.

भरतकाम केलेला लोगो भारदस्त दिसतो. कॉलर टी-शर्टवर तोच करायचा का?

प्राध्यापकांच्या, क्रीडा संघांच्या कॉलर टी-शर्टवर भरतकाम खरंच सुंदर दिसतं आणि वर्षानुवर्षं टिकतं. पण देवनागरीला सुईची मर्यादा आहे. शिवाजी विद्यापीठाचं ब्रीदवाक्य घ्या, 'ज्ञानमेवामृतम्'. त्यात 'ज्ञ' आहे, 'मे'ची मात्रा आहे, 'मृ'चा ऋकार आहे आणि शेवटी पाय मोडलेला 'म्' आहे. छपाईत हे सगळं बारीक अक्षरातही उमटतं. दोऱ्याला मात्र स्वतःची जाडी असते. अक्षर चार-पाच मिलिमीटरपेक्षा लहान झालं की 'ज्ञ'च्या पोटातली पोकळी दोऱ्यानं भरून जाते, ऋकार खालच्या टाक्यात गुंततो आणि मशिन थांबल्यावर शर्ट हातात घेतला की ब्रीदवाक्याच्या जागी एक जाड, खडबडीत कडी लागते.

म्हणून भरतकामासाठी संस्थेकडे साधी आवृत्ती मागा, म्हणजे फक्त मधलं चिन्ह आणि शेजारी मोठ्या अक्षरांत नाव. ब्रीदवाक्य आम्ही आपणहून गाळणार नाही, तो निर्णय संस्थेचा. साधी आवृत्ती नसेल तर सरळ छपाई करा. अगदी बारीक लोगोला डीटीएफ, म्हणजे फिल्मवर छापून उष्णतेनं कापडावर चिकटवायची पद्धत, चांगलं चालतं, फक्त तो शर्ट उलटा करून धुवा आणि छपाईवरून इस्त्री फिरवू नका.

भरतकामाच्या मशिनला वेगळी फाइल लागते, ती बनवण्याला डिजिटायझिंग म्हणतात. तिचे पैसे एकदाच पडतात. ती फाइल जपून ठेवा, पुढच्या वर्षीच्या मुलांना उपयोगी पडेल.

कप, पेन, पिशव्या, ट्रॉफी यांचं काय?

कपावर सब्लिमेशन करतात, म्हणजे कागदावर छापलेली शाई उष्णतेनं वस्तूवर उतरवतात. त्यात पांढरी शाई नसते, त्यामुळे लोगोतला पांढरा भाग म्हणजे कपाचाच पांढरा रंग. काळ्या कपावर ते होत नाही. टी-शर्टलाही हाच नियम: सब्लिमेशन पॉलिएस्टरवर आणि फिक्या रंगावरच बसतं, सुती कापडावर धुण्यात उडून जातं.

पेनावरची जागा करंगळीच्या नखाएवढी. तिथे गोल चिन्हाचा हट्ट धरू नका, नुसतं नाव घ्या. परिषदांसाठी मांजरपाटाच्या पिशव्या मागवतात. त्या आम्हाला मनापासून आवडतात, पण कोरं मांजरपाट शाई शोषून घेतं, रेघ थोडी पसरते. लोगो मोठा आणि एकरंगी ठेवा. लाकडी स्मृतिचिन्हावर लेझरनं कोरलेलं काम उत्तम येतं, तिथेही एकरंगी आवृत्तीच लागते.

पदवी प्रमाणपत्रावरची मुद्रा शर्टावर घेता येईल?

नाही. मुद्रा ही पदव्या आणि अधिकृत कागदपत्रांसाठी असते. ती शर्टावर आली तर उद्या खोट्या प्रमाणपत्रावरची मुद्रा ओळखणंही अवघड होईल. भारताची राजमुद्रा, म्हणजे सिंहांचं चिन्ह, तर अजिबातच नाही. तिच्या गैरवापराला २००५ च्या स्वतंत्र कायद्यानं बंदी आहे.

लोगोसोबत छत्रपती शिवाजी महाराजांचं चित्र घ्यायचं आहे. हरकत आहे का?

साताऱ्यात राजधानीचा अभिमान, त्यामुळे ही मागणी तिथून जास्त येते आणि तिच्यामागची भावना आम्ही मानतो. पण १९५० च्या बोधचिन्हे व नावे यांच्या गैरवापरास प्रतिबंध करणाऱ्या कायद्याच्या परिशिष्टात छत्रपती शिवाजी महाराजांचं नाव आणि चित्र, दोन्ही आहेत. व्यापारासाठी त्यांचा वापर करायला केंद्र सरकारची पूर्वपरवानगी लागते. विकायच्या शर्टावर ते घेऊ नका.

कायदा बाजूला ठेवला तरी आम्ही एक विचारतो. शर्ट घामेजतो, बादलीत आपटला जातो, जुना झाला की गाडी पुसायला निघतो. महाराजांची प्रतिमा तिथे का यावी? गडाची रेषाकृती घ्या. अजिंक्यतारा दोन रेषांतही ओळखू येतो.

एनएसएसच्या शिबिराचा शर्ट आहे. विद्यापीठ, कॉलेज, एनएसएस, सगळे लोगो एका ओळीत लावायचे?

लावा, पण सारख्या उंचीचे आणि मध्ये पुरेसं अंतर सोडून. क्रम कॉलेजच्या कार्यक्रम अधिकाऱ्यांना विचारा. एनएसएसच्या चिन्हाचेही नियम आहेत. ते कोणार्कच्या सूर्यमंदिराच्या रथचक्रावरून घेतलंय, त्यातले आठ आरे दिवसाचे २४ तास दाखवतात आणि रंग लाल व गडद निळा आहेत. घाईत कुणी सहा आऱ्यांचं चक्र घेऊन येतं. छापण्याआधी आरे मोजा.

प्रायोजकाचं नाव कुठे टाकायचं?

शर्टचे पैसे एखादं हॉटेल, क्लास किंवा दुकान देतं, त्याचं नाव यायला हवं हे मान्य. ते पाठीवर खालच्या बाजूला किंवा बाहीवर घ्या. विद्यापीठाच्या लोगोला चिकटून नको आणि त्याच्यापेक्षा मोठं तर नकोच, कारण मग त्या क्लासला विद्यापीठाची मान्यता आहे असं वाचणाऱ्याला वाटतं. प्रायोजकाचं नाव परवानगीच्या अर्जातही लिहा, लपवू नका.

पक्षाचं चिन्ह किंवा नेत्याचा फोटो विद्यापीठाच्या लोगोसोबत आम्ही छापत नाही, मग तो कोणत्याही पक्षाचा असो.

आम्ही नफा कमवत नाही, फक्त वर्गणी काढतो. तरी कायदा लागू होतो?

नफा नसला की सगळं माफ, हा समज चुकीचा आहे. लोगो हे चित्र असल्यानं त्याला १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं संरक्षण मिळतं, आणि तो नोंदवलेला असेल तर १९९९ च्या ट्रेडमार्क कायद्याचंही. ट्रेडमार्कची नोंद ४५ वर्गांमध्ये होते. शिक्षण ४१ व्या वर्गात येतं, कपडे २५ व्या, स्टेशनरी १६ व्या, बॅगा १८ व्या, कप-भांडी २१ व्या. नोंदणी दहा वर्षांची असते आणि पुढे वाढवता येते. कोणतं चिन्ह कोणत्या वर्गात नोंदलंय हे ट्रेडमार्क नोंदणी कार्यालयाच्या वेबसाइटवर कुणालाही फुकट शोधता येतं.

दुसऱ्याचा ट्रेडमार्क खोटेपणानं वापरण्याला या कायद्यात सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड आहे. त्यासाठी ठसा, ब्लॉक, प्लेट बनवणारा किंवा बाळगणाराही त्यात येतो. म्हणजे तुमच्याबरोबर आम्हीही. वर्गाच्या वर्गणीतून काढलेल्या शर्टासाठी कुणी तुरुंगात जाईल असं सांगून आम्हाला कुणाला घाबरवायचं नाही. प्रत्यक्षात आधी समज दिली जाते, छपाई थांबवायला सांगतात, शर्ट जमा करतात. पण कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी शर्ट जमा झाले तर गेलेली वर्गणी मुलांचीच असते. गावाकडून पैसे मागवून शिकणाऱ्या मुलांच्या खिशाला ते परवडत नाही, म्हणून आम्ही पत्राशिवाय काम सुरू करत नाही.

लोगो नको, फक्त विद्यापीठाचं नाव छापलं तर?

नावही नोंदवलेलं असू शकतं, आणि नसलं तरी शर्ट अधिकृत असल्याचा भास होतोच. विचारून घ्या. परवानगीत पडायचंच नसेल तर स्वतःचं डिझाइन करा, आम्हाला ते काम सगळ्यात जास्त आवडतं. सांगलीकरांकडे १९२९ चा आयर्विन पूल आहे, मिरजेची सतार आहे, हळदीची पेठ आहे. साताऱ्याकडे कासची फुलं आहेत. विभागाचं नाव, बॅचचं वर्ष आणि तुमच्या हॉस्टेलमध्ये सगळ्यांच्या तोंडात असलेलं एखादं वाक्य घ्या. असा शर्ट मुलं जास्त दिवस वापरतात, हे आम्ही बघतो.

महोत्सवाचा लोगो आमच्या वर्गातल्या मुलीनं केला. तो कुणाचा?

लेखी काही ठरलं नसेल तर साधारणपणे तिचा. कॉलेजला तो दरवर्षी वापरायचा असेल तर तिच्याकडून लेखी हस्तांतरण घ्यायला हवं, कारण कॉपीराइट तोंडी हस्तांतरित होत नाही. हे करताना तिला मानधन द्या आणि स्मरणिकेत तिचं नाव छापा. विद्यार्थ्यांचं काम फुकट गृहीत धरायची सवय आपल्याकडे आहे, ती जायला हवी.

'कमवा आणि शिका' योजनेतल्या मुलांनी लोगोच्या वस्तू बनवून विकल्या तर?

हे व्हावं असं आम्हाला मनापासून वाटतं. कर्मवीर अण्णांनी, म्हणजे भाऊराव पाटलांनी, १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था सुरू केली आणि स्वावलंबी शिक्षण हेच ब्रीद मानलं. मुलांनी श्रम करून शिकण्याची ही रीत याच मातीतली. पिशव्या शिवणं, स्क्रीन प्रिंटिंग, कपांवरची छपाई, ही कामं आठ-पंधरा दिवसांत हाताला बसतात.

फक्त विक्री मुलांच्या नावे नको, विभागाच्या किंवा विद्यापीठाच्या नावे हवी. विद्यापीठानं वस्तूंची यादी, लोगोच्या मंजूर फाइल आणि किंमत ठरवून द्यावी, हिशेब विभागानं ठेवावा आणि मुलांना कामाच्या तासांचे पैसे मिळावेत. पदवीदान समारंभाला आईवडील गावाहून येतात, तेव्हा त्यांना घरी न्यायला एक चांगली पिशवी किंवा कप आवारातच मिळाला तर ते आनंदानं घेतील. कुठल्या विभागाला हे सुरू करायचं असेल तर मुलांना छपाई शिकवायला आम्ही येऊ, त्याचे पैसे घेणार नाही.

हूडी इन्स्टाग्रामवर टाकून विकू का?

परवानगी एका कार्यक्रमासाठी आणि ठराविक नगांसाठी असते. ऑनलाइन विक्री ही वेगळी गोष्ट, तिला वेगळा करार लागतो. आणि लोगोशेजारी वर्तुळातला 'आर' स्वतःहून लावू नका. तो फक्त नोंदणी झालेल्या चिन्हाला, तोही मालकाच्या सांगण्यावरून.

कोणत्या वस्तूंवर लोगो टाळावा?

पायपुसणी, चपला, मोजे, कागदी ताटं, पाण्याचे फेकून द्यायचे ग्लास. आपल्या विद्यापीठांना शिवाजी महाराजांचं, कर्मवीर अण्णांचं, सावित्रीबाईंचं, अहिल्यादेवींचं नाव आहे. जेवणावळ संपल्यावर ते कचऱ्याच्या ढिगात दिसू नये. दारू-तंबाखूशी संबंधित वस्तूंवर तर नाहीच.

प्रूफ पास करताना काय बघायचं?

किमान दोघांनी बघा, त्यातला एक मराठी नीट वाचणारा असावा. 'विद्यापीठ'मधली ठ-च्या आधीची वेलांटी दीर्घ आहे ना, कॉलेजचं नाव पूर्ण आहे ना, गाव आणि स्थापनेचं वर्ष बरोबर आहे ना, हे बोट ठेवून वाचा. मग मंजुरीपत्राला जोडलेला नमुना शेजारी धरून रंग आणि जागा जुळवा. मोबाईलवर बघून 'ओके' पाठवू नका. कागदावर सही करून तारीख टाका. त्या सहीनंतरच आम्ही स्क्रीन काढतो.

शर्ट उरले किंवा चुकीचे छापले गेले तर?

उरलेले कॉलेजच्या कार्यालयात पावती घेऊन जमा करा, बाहेर स्वस्तात विकू नका. छपाईत आमच्याकडून बिघडलेले नग आम्ही बदलून देतो आणि त्यांच्यावरचा लोगो रंगानं पूर्ण झाकून कापड पुसायला वापरतो. काम संपल्यावर लोगोची स्क्रीन धुऊन टाकतो. फाइल तुमच्या कॉलेजला परत पाठवतो. पुढच्या वर्षी तीच फाइल चालेल, पत्र मात्र नवीन आणा.